गर्दीतला एक खोकला

कागदाच्या सातव्या ओळीत माझी आई खोकत होती. नाव तिचं नव्हतं. सुमतीआजी, वय सत्तर, अंधेरीच्या चाळीत राहते, सकाळी तुळशीला पाणी घालते, तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावते. पण त्याच्याच खाली लिहिलं होतं की भिंतीपलीकडची शेजारीण रोज दुपारी दोन वाजता मुद्दाम मिरच्या भाजायला घेते आणि आजारी आजीचा जीव गुदमरतो. हे वाचलं आणि हातातला चहाचा कागदी कप एकदम मऊ लागायला लागला. बघितलं तर मीच तो दाबत होते. दुपारी दोन वाजता. मिरच्या. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं, याच स्टुडिओच्या जिन्यात बसून, महिन्याभरापूर्वी, वडापाव खाताना. त्या माणसाचं नाव प्रांजल. ही मालिका तीच लिहिते. कोविडच्या दिवसांतल्या साध्या माणसांच्या गोष्टी, कानात घालून ऐकायच्या : कोणी भाजी कशी मिळवली, बायकोने नवऱ्याचे केस कसे कापले, कोण कसं गेलं. मुलगी चांगली आहे, मुलुंडहून येते, समोरचा बोलताना फोन बघत नाही. तिने विचारलं, ताई, तुमच्याकडे काय झालं तेव्हा, आणि मी बोलत सुटले. ती रेकॉर्ड करत होती, मला विचारून करत होती, त्यामुळे चोरी झाली असं म्हणायची सोय नाही. ओळीच्या शेवटी लिहिलेलं होतं, ‘आजीचा खोकला : माधुरीताई’. म्हणजे माझी आई बोलणार नाटकातल्या एका मोठ्या बाईंच्या तोंडून, ते काल रेकॉर्ड होऊन गेलं होतं, आणि खोकायला तेवढी मी.

आमचं काम गर्दीचं. पडद्यावर बाजार दिसतो, लग्न दिसतं, मयत दिसते, आणि मागे जो कालवा ऐकू येतो तो आम्ही पाच-सहा जण बंद खोलीत माईकभोवती उभं राहून करतो. अंधेरी पश्चिमेला अशा खोल्या गल्लोगल्ली आहेत. ही जिथे आहे तिथे पूर्वी स्क्रू बनायचे. भिंतींना जाड फोम लावलाय, तरी जमिनीतून अजून तेलाचा वास येतो, आणि वारा वर्सोव्याकडून असला की सुक्या बोंबलांचाही. बावीस वर्षं मी हे करते. आमच्यात नियम एकच : शब्द ऐकू येता कामा नये. तोंड चालवायचं, सूर वरखाली करायचा, पण एक शब्दसुद्धा गर्दीतून डोकं वर काढता कामा नये. काढला की टेक गेला. नवीन माणसं हमखास ही चूक करतात, मयतीच्या सीनला रडता रडता कुणाचं तरी नाव घेतात आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात. मी बावीस वर्षांत ही चूक एकदाही केलेली नाही. कितीतरी सिनेमांत, मालिकांत मी आहे आणि माझा एकही शब्द कुठे नाही. याचं वाईट वाटतं का असं पाहुणे विचारतात. डोंबलाचं वाईट. मागे आम्ही आहोत म्हणून पुढे जो बोलतो तो माणूस वाटतो. आम्ही गप्प बसलो तर तुमचा हिरो रिकाम्या रस्त्यावर एकटाच बडबडणारा वेडा दिसेल. नववीत शाळा सुटलेल्या बाईला हे कुणी शिकवलं नाही. मी ते कानाने शिकले आणि आता या धंद्यातल्या शिकलेल्यांना मी शिकवते.

त्यात खोकला माझा. म्हातारीचा, छातीतून येणारा, शेवटाकडे फाटत जाणारा. दोन हजार एकवीसनंतर जिथे जिथे म्हणून पडद्यामागे एखादी बाई मरणाच्या दाराशी खोकली असेल, तिथे दहातल्या चार वेळा ती मी आहे. कोऑर्डिनेटर फोन करतो तो सरळ विचारतो, ‘खोकल्याच्या माधुरीताई का?’ पहिल्यांदा तो माझ्या तोंडून निघाला तेव्हा काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हातातलं सँडविच खाली ठेवून उभा राहिला होता. कुठून आणला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सरावाने. तो खोकला आईचा आहे. आईने तो एकदाच काढला, बंद ॲम्ब्युलन्सच्या आत, आणि मी बाहेर उभी राहून तो घेतला. मुद्दाम नाही घेतला. कानाला सवय लागलेली असते, तो घेतोच. पुढे मी तो विकला. याची मला लाज वाटावी असं कुणाला वाटत असेल तर त्याने ती स्वतःच्या घरी वाटून घ्यावी. आई आयुष्यभर कुणाला ऐकू गेली नाही, म्हणजे आमच्या विहाराबाहेर, आमच्या गल्लीबाहेर. आता घरोघरी ऐकू जाते.

‘काय गो, चेहरो असो कित्याक?’ गुणाजीमामांनी विचारलं. गुणाजीमामा आमच्यातले सगळ्यात जुने, गिरणी बंद पडल्यावर या कामात आले, ते अजून आहेत. ‘मेलंय बिलंय काय कोण?’

‘माझी आई,’ मी म्हटलं.

‘ती मेल्याक चार वर्सां झाली.’

‘आज परत मारतायत. वाचा.’ मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ओठ हलवत वाचलं, आणि म्हणाले, ‘तुळस? तुझ्या आवशीन तुळस कधी लावली?’

तेच. माझी आई, सुंदराबाई, बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून पायी निघालेल्या माणसांपैकी. मरोळच्या एमआयडीसीत रस्ते होत होते तेव्हा तिने खडी फोडली, पुढे बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत लागली, आणि दर रविवारी विहारात वंदना घ्यायची. आईला माईक लागत नसे. तिने तोंड उघडलं की मागच्या ओळीत पेंगणारी म्हातारी ताठ बसायची. त्या पत्र्याच्या विहारात लहानपणी मी तिच्या पायाशी बसलेली असायची आणि तिचा आवाज मला आधी फरशीतून कळायचा, मग कानातून. घरात ती बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, आमच्या बीडकडचा येसर मसाला स्वतः कुटायची, आणि गॅलरीतून मला हाक मारली की समोरच्या इमारतीतल्या दोन माधुऱ्या खिडकीत यायच्या. त्या बाईला यांनी तुळशीपुढे उभी करून ‘बाळा’ बोलायला लावलं होतं. पुढच्या पानावर येसराचा गोडा मसाला झाला होता. मला आधी हसू आलं, खरंच आलं, आणि मग मी उठून काचेपलीकडे चालत गेले. गर्दीवाले तिकडे जात नाहीत. आम्हाला बटण दाबून बोलवतात आणि बटण दाबून गप्प करतात.

निहार तिथे बसला होता, हेडफोन मानेभोवती. दिग्दर्शक, वय तीस असेल, वागायला नम्र. ‘ताई, पाच मिनिटं, लावतोच तुम्हाला.’

‘ही तुळस कुणाची?’

त्याने कागदाकडे बघितलं, मग प्रांजलकडे. ती सोफ्याच्या कडेला बसली होती आणि तिने मान खाली घातली. ‘ताई, गोष्ट तुमचीच आहे ना, प्रांजल बोलली मला,’ निहार म्हणाला. ‘आपण नाव वगैरे बदललंय, म्हणजे तुम्हाला त्रास नको. आणि कसंय, नुसतं ऐकायचं आहे हे. ऐकणाऱ्याला पटकन घर दिसलं पाहिजे. दिवा, तुळस म्हटलं की कसं, लगेच घर येतं डोळ्यांपुढे.’

‘कुणाचं?’

‘म्हणजे?’

‘कुणाचं घर येतं? माझं येत नाही. माझ्या घरात मेणबत्ती होती. मेणबत्ती ऐकली की तुमच्या लोकांचे कान बंद पडतात काय?’

‘तसं नाही ना, यार... ताई, ते उगाच राजकीय होतं.’

‘मेणबत्ती राजकीय. दिवा घरचा.’ मी म्हटलं. ‘निहार, तू पोरगा वाईट नाहीस, म्हणून सरळ सांगते. बाई मेली तेव्हा तिला हात लावायला कुणी आलं नाही, ते चाललं, तेव्हा कुणालाच कुणी लावत नव्हतं. पण आता चार वर्षांनी तिला धुऊनपुसून आत घेताय, ते नाही चालणार. खोकला हवा असेल तर ती सुंदराबाई आहे. विहारात वंदना घेणारी. नाहीतर दुसरी बघ.’

दुसरी कुठून बघणार?  फोमच्या खोलीतली शांतता विचित्र असते, स्वतःच्या मानेतली शीर ऐकू येते. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. मी तिथे कंबरेवर हात ठेवून उभी होते आणि काचेच्या आतून गुणाजीमामा आणि बाकीचे माझ्याकडे बघत होते. निहारने कपाळ चोळलं, वर विचारावं लागेल म्हणाला, आणि फोन घेऊन बाहेर गेला. तेव्हा प्रांजल उठून माझ्याजवळ आली. ‘ताई, पहिल्यांदा मी मेणबत्तीच लिहिलं होतं,’ ती हळू म्हणाली. ‘मग मला बदलायला सांगितलं आणि मी बदललं. चुकलंच. परत करते मी. पण एक विचारू? बाकी सगळं तुमचंच आहे ना? ती शेजारीण वगैरे? कारण ती मी अजिबात नाही बदलली. तुम्ही सांगितली तशीच्या तशी ठेवलीय.’

तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं, मी परत भांडले असते. तशीच्या तशी ठेवलीय. माझे हात कंबरेवरून कधी खाली आले ते कळलं नाही.

ती शेजारीण म्हणजे सुगंधावहिनी. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची, वर कौलांखाली हातभर मोकळी. तिच्याकडे कढीपत्ता तडतडला की आमच्याकडे शिंक यायची. कोकणातली, नवऱ्यामागे दोन मुलं वाढवलेली, तोंडाने फाटकी. आणि आमची, बौद्धांची, त्या चाळीत तीन घरं. बोलायला सगळे गोड. नळावर मात्र आमची बादली पुढे गेली की कुणाला तरी नंबर आठवायचा. दोन हजार वीसच्या मेमध्ये पलीकडच्या गल्लीत पहिली केस निघाली, तिथली अख्खी चाळ बांबू लावून बंद केली, त्या घरातल्या सगळ्यांना गाडीत घालून कुठल्या तरी शाळेत नेलं, आणि त्या रात्रीपासून गॅलरीत कुणी शिंकलं तरी दारं लागायला लागली. माझा नवरा राजाराम विमानतळाच्या कार्गोत. कंपनीने त्यांना तिथेच ठेवून घेतलं होतं. घरात मी आणि आई. एका सकाळी आईला कोरडा खोकला लागला. दोनदा खोकली असेल. गॅलरीतली पावलं थांबली, मला स्पष्ट ऐकू आलं, एक पाऊल पडलं आणि दुसरं पडलं नाही. मी आईजवळ गेले. तिच्या तोंडावर हात ठेवला नाही, एवढं मात्र मी केलं नाही. मी फक्त बोलले. आणि आईने, जिच्या आवाजाने पत्र्याचा विहार थरथरायचा तिने, लुगड्याचा पदर गोळा करून तोंडात घेतला.

खोकला गिळायचा कसा असतो ते फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. तो घशाशी येतो, मान पुढे जाते, खांदे वर उचलतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग तो परत खाली उतरवायचा, पोटापर्यंत. त्याचा आवाज नसतो. अगदी कान देऊन ऐकलं तर नाकातून वारा तुटल्यासारखा येतो आणि गळ्यात एक लहानसा टक होतो. मी तिच्याजवळ भिंतीला टेकून बसायची आणि ते टक ऐकायची, आणि मनात म्हणायची, शाबास. हो, शाबास म्हणायची. सकाळ जायची. मग दुपारी दोनला पलीकडे तवा आदळायचा आणि वहिनी मिरच्या भाजायला घ्यायची. दारंखिडक्या बंद, उन्हाळा, तो धूर भिंतीवरून असा आमच्यात ओतला जायचा की डोळे उघडत नसत. मी तिला शिव्या घालायची, मनातल्या मनात. सगळी चाळ खोकायला लागायची. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत माणसं खोकताहेत, शिंकताहेत, ओरडताहेत, अगो सुगंधा, मारतेस की काय! आणि त्या कालव्यात आई पदर बाजूला करायची आणि खोकून घ्यायची. सगळ्यांबरोबर. अर्धा तास. मग धूर विरायचा, चाळ गप्प व्हायची, आई परत पदर तोंडात घ्यायची. चौथ्या दिवसापासून ती दीड वाजताच भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. मी तिला म्हटलं, काय बघतेस? तिने भिंतीकडे बोट केलं.

नवव्या दिवशी तिला श्वास पुरेना, तेव्हा मीच फोन केला. दुपारी ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी आली, पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी तिला आत घेतलं, मला येऊ दिलं नाही. दार लागलं. आणि आतून आई खोकली. पहिल्यांदा एकटी. नऊ दिवसांचं सगळं एकदम, गल्लीभर, वरच्या मजल्यांपर्यंत, खिडक्या उघडल्या, कुत्री उठली. मला भीती वाटली नाही. माझी, कसं सांगू, छाती भरून आली. म्हटलं, ऐका आता, ही सुंदराबाई आहे. पाचव्या दिवशी ती गेल्याचा फोन आला. जलदान, म्हणजे आमच्यातला माणूस गेल्यानंतरचा विधी, आम्ही घरातच केलं, मी, परतलेला राजाराम आणि आमच्यातला एक शेजारी, आणि वंदना घ्यायला आवाज फुटेना म्हणून ती फोनवर लावली.

पुढच्या मेमध्ये वहिनी मसाल्याची बरणी घेऊन दारात आली. ‘घे,’ म्हणाली, ‘यंदा मसालो बरो झालोहा. गेल्या वर्साक झालोच नाय गो, सगळी मिरची तुझ्या आवशीर गेली.’ मला कळलं नाही.  ‘तुका म्हायत नाय? अगो, तिचो खोकलो माका पैल्याच दिवशी कळललो. मधी भिंत ती केवढी! म्हटलां, मसालो भाजूक घेतलंय की सगळेच खोकतले, म्हातारी थोडी मोकळी होतली. मे महिन्यात मिरची भाजली तर कोणाक काय कळतला?’ मी बरणी घेतली. बरी आहे ना चव, एवढंच काहीतरी तिला विचारलं असेन. ती गेल्यावर मी दार लावून भिंतीसमोर बसले. जिच्या कानांसाठी मी आईचं तोंड बंद ठेवलं, त्या कानांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आई ते ओळखून होती. म्हणून ती दीड वाजता भिंतीकडे तोंड करून बसायची. त्या दोघींचं एकमेकींशी बोलणं चाललं होतं, रोज दुपारी, माझ्यादेखत. आवाजांवर जगणारी मी, मलाच ते ऐकू आलं नाही.

आणि हे सगळं ठाऊक असताना महिन्याभरापूर्वी मी जिन्यात बसून प्रांजलला काय सांगितलं? शेजारीण मुद्दाम मिरच्या भाजायची, आजारी बाईला त्रास द्यायला. का सांगितलं? सोपं होतं म्हणून. एक दुष्ट शेजारीण घातली की मला गोष्टीतून निसटता येतं. नळावरच्या बादल्या खऱ्या होत्या, थांबलेलं पाऊल खरं होतं, त्यांच्या आडून एक खोटं सहज खपतं. आईने येसर कुटला की गोडा मसाला यावरून मी आता कंबरेवर हात ठेवून भांडत होते. आणि तिची एकुलती एक सोबतीण मीच बाजारात काढली होती, तिच्या हातात तवा देऊन. मालिका येईल. वहिनीचा मुलगा तिला ती फोनवर लावून देईल. नावं बदललेली असली तरी दोन वाजता मिरच्या भाजणाऱ्या बाया आमच्या चाळीत किती आहेत?

निहार परत आला. ‘झालं,’ तो म्हणाला, ‘तुळस, दिवा उडवतोय. सुंदराबाई ठेवतो, विहार ठेवतो. त्या नाटकातल्या बाईंना परत बोलवू. आता तरी चला ताई आत.’ तो दमला होता, पण त्याने ते केलं होतं. मी जिंकले होते. आत जाऊन दोन मिनिटं खोकले असते तर जिंकून घरी गेले असते.

‘थांब,’ मी म्हटलं, ‘अजून एक चूक आहे. ती माझी आहे.’ आणि मी त्यांना सांगितलं. उभ्यानेच, सगळं, जसं इथे सांगितलं तसं. मध्ये बटण चालू राहिलं होतं म्हणून आतल्यांनाही ऐकू गेलं. प्रांजलने लिहून घेतलं नाही, फोनही काढला नाही. माझं संपल्यावर आतून गुणाजीमामांचा आवाज आला. ‘बरोबर. आमची कोकणातली बाई मिरची फुकट घालवची नाय.’ निहार हसला, मग त्याला वाटलं हसायला नको होतं. ‘पण ताई,’ तो म्हणाला, ‘असं केलं तर गोष्टीत वाईट कोण?’

‘मी आहे ना,’ मी म्हटलं. ‘बाहेरची कशाला शोधतोस?’

तरी वहिनीला विचारल्याशिवाय नको. मी जिन्यात जाऊन फोन लावला. मागे कुकरची शिट्टी, तिने ती होऊ दिली, मग म्हणाली, बोल. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या मिरच्यांची गोष्ट करतायत, सगळ्यांना ऐकायला.  ‘नको गो,’ म्हणाली. ‘लोक म्हणतले, म्हातारी आजारी होती ता हिका म्हायत होता नि हिने लपवल्यान. त्याच म्हयन्यात चाळीत अजून तिघांक झालो ना? माझ्यावर येतला.’ खरं होतं.  मी म्हटलं, बरं, तुम्हाला पूर्ण काढून टाकायला सांगते. ‘नि मग आवस तुझी खोकली खंय?’ तिने विचारलं.  ‘एकटीच खोकली असा सांगतलंस?’ कुकर परत वाजला. ‘घाल,’ ती म्हणाली. ‘नाव पण माझाच घाल. सुगंधा म्हण. माका कोण काय करतलो? चोरी नाय केलंय मी, मिरची भाजलंय.’ आणि फोन ठेवला.

आम्ही आधी चाळ केली. सहा जण माईकभोवती, डोळे मिटून, घशात मिरची. गुणाजीमामांनी पहिली शिंक दिली, मग एकेकाने खोल्या वाटून घेतल्यासारखं, कोणी जवळून, कोणी भिंतीआडून, आणि मध्ये मी आईला सोडलं, वर येऊ न देता, सगळ्यांत मिसळून, बावीस वर्षांच्या नियमात. पहिल्याच टेकला झालं. हे मी अभिमानाने सांगते, असं काम या अंधेरीत दुसरं कुणी करून दाखवावं. मग बाकीचे बाहेर गेले आणि मी एकटीने गिळलेला खोकला दिला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने आवाज वाढवला, अजून वाढवला, मान हलवली, काहीच येत नाही म्हणाला. मी हाताने खूण केली, ऐक. त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. थोड्या वेळाने त्याचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला.

आता मी तेव्हा आईजवळ जाऊन बोलले ते माझं वाक्य राहिलं होतं. प्रांजलने ते पेन्सिलने कागदावर लिहून आणलं होतं, पण मला कागद लागणार नव्हता. बावीस वर्षांत या माईकपुढे मी पहिल्यांदा शब्द बोलणार होते. निहारने बटण दाबलं. ‘ताई, पाहिजे तेवढा वेळ घ्या. तयार झालात की बोला.’ समोर काचेत माझीच सावली, तिच्या आत त्या लोकांचे चेहरे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी मनातल्या, भिंतीजवळ बसलेल्या आईकडे वाकले.

‘आई, खोकू नको गं. लोक ऐकतील.’

आवाज स्वच्छ आला. इतका स्वच्छ की मला तो माझा वाटला नाही. काचेपलीकडे निहारने बटण दाबलं. ‘झालं ताई. एकदम बरोबर. एकच टेक पुरे, या बाहेर.’

‘एकदा नव्हतं म्हटलं मी,’ मी म्हणाले. ‘नऊ दिवस म्हणत होते. चालू ठेव.’